हस्तस्पर्शाची प्रतीक्षा

कॅथॉलिक धर्मसंस्थेचे सात संस्कार जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाची सोबत करतात, आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी गावच्या चर्चचा धर्मगुरू पुरेसा असतो. तोच बालकाच्या मस्तकावर पाणी ओततो, तोच रविवारी ख्रिस्तप्रसाद देतो, पापनिवेदन ऐकून क्षमेचे शब्द उच्चारतो, वधूवरांच्या वचनाला साक्षी राहतो आणि मरणोन्मुख रुग्णाच्या कपाळाला तेल लावतो. दोन संस्कार मात्र त्याच्या नित्याच्या अधिकाराबाहेरचे आहेत. त्यांतील पहिला म्हणजे पुरोहिताची दीक्षा. ती बिशपांनीच द्यावी यात कुणालाही नवल वाटत नाही, कारण अधिकार हा अधिकाऱ्याकडूनच यावयाचा. दुसरा म्हणजे दृढीकरण, ज्याला वसईपासून वांद्र्यापर्यंतची मंडळी बोलताना सरसकट ‘कन्फर्मेशन’ म्हणतात. हा संस्कार कुणा निवडक अधिकाऱ्याचा नव्हे, सर्वांचा. कोळ्याच्या पोराचा, बागायतदाराच्या मुलीचा, गिरणीतून निवृत्त झालेल्या प्रौढाचा. तरीही तो देण्यास रोमन परंपरेत सामान्यतः बिशपांनाच यावे लागते, किंवा निदान त्यांची खास परवानगी घेऊन आलेला धर्मगुरू तरी असावा लागतो. सर्वांसाठी असलेली वस्तू एकाच्या हातात राखून ठेवल्यावर जे व्हावयाचे ते या संस्काराच्या बाबतीत झाले: त्याचा इतिहास हा फार मोठ्या अंशी वाट पाहण्याचा इतिहास ठरला, आणि त्याच्या अर्थाविषयी आज जे वाद चालतात त्यांतील पुष्कळांचे मूळ धर्मशास्त्रात नसून भूगोलात सापडते.

वसईच्या पट्ट्यात सांडोर, पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव अशी जुनी धर्मग्रामे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधून पसरलेली आहेत. तेथे दृढीकरणाचा दिवस ठरला म्हणजे माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलामुलींची रविवारची धर्मशिक्षणाची तासिका अधिक गंभीर होते. पवित्र आत्म्याची सात दाने, म्हणजे प्रज्ञा, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि परमेश्वराचे भय, त्यांना बोटांवर मोजून पाठ करावी लागतात. आधी पापनिवेदन होते. धर्मपिता वा धर्ममाता कोण, याची घरात चर्चा होते. तथापि हा दिवस पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवसाइतका गाजत नाही हेही खरे. सातआठ वर्षांच्या बालिकेचा पांढरा झगा, डोक्यावरचा जाळीदार ओढणीचा मुकुट, छायाचित्रकार आणि पाहुण्यांची पंगत यांचा थाट त्या वेळी असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नव्या सदऱ्यात उभे करताना तसा उत्साह राहत नाही, आणि त्या मुलालाही तो नको असतो.

विधी मिस्सामध्येच होतो. बिशपांच्या अंगावर पेंटेकॉस्टच्या अग्निजिव्हांची आठवण देणारा लाल झगा असतो. शुभवर्तमानाचे वाचन झाले की धर्मग्रामाचे प्रमुख उमेदवारांना सादर करतात, प्रवचन होते, आणि मुले आपल्या बाप्तिस्म्याची वचने, जी त्यांच्या वतीने इतरांनी दिलेली होती, ती स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतात. मग बिशप सर्वांवर हात पसरून सात दानांसाठी प्रार्थना करतात आणि एकेक उमेदवार पुढे येऊ लागतो. धर्मपित्याचा उजवा हात त्याच्या खांद्यावर असतो. बिशप अंगठा क्रिझम तेलात बुडवून त्याच्या कपाळावर क्रूस रेखतात, त्याला नावाने हाक मारून पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्यास सांगतात. तो ‘आमेन’ म्हणतो. बिशप त्याला शांती देतात, आणि पुढचा येतो. एकेकाला अर्धे मिनिटही लागत नाही. शंभर-सव्वाशे कपाळांनंतर बिशपांचा अंगठा तेलाने इतका माखतो की तो पुसण्यासाठी वेदीच्या सेवकाने लिंबाची फोड आणि पावाचा चुरा तबकात तयार ठेवण्याचा जुना प्रघात आहे. ते तेलही साधे नव्हे. ऑलिव्हच्या, किंवा 1970 पासून मिळालेल्या सवलतीनुसार दुसऱ्या एखाद्या वनस्पतीच्या, तेलात सुगंधी बाल्सम मिसळून पवित्र सप्ताहातील विशेष मिस्सामध्ये स्वतः बिशप त्यावर फुंकर घालून ते अभिमंत्रित करतात आणि वर्षभरासाठी प्रत्येक धर्मग्रामाला वाटून देतात. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी गावचा धर्मगुरू बालकाच्या टाळूला जे क्रिझम लावतो, तेही बिशपांकडूनच आलेले असते.

आता या अर्ध्या मिनिटासाठी बिशपांनीच का यावे, या प्रश्नाचे उत्तर देणारे सर्वांत जुने प्रकरण ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे, आणि ते प्रकरण प्रवासाचेच आहे. शोमरोनात फिलिपने लोकांना बाप्तिस्मा दिला. ही वार्ता यरुशलेमेत पोहोचली तेव्हा प्रेषितांनी पेत्र आणि योहान यांना तिकडे रवाना केले. त्यांनी प्रार्थना करून त्या नवदीक्षितांवर हात ठेवले आणि तेव्हा त्यांना पवित्र आत्मा मिळाला. त्याच अध्यायात सिमोन नावाचा मांत्रिक हा हात विकत घेण्यासाठी पैसे पुढे करतो आणि पेत्राकडून खरमरीत शब्द ऐकतो; धर्मपदे विकण्याच्या गुन्ह्याला युरोपात पुढे त्याच्याच नावाची छाप बसली. एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथे पौल बाप्तिस्म्यानंतर असाच हस्तस्पर्श करतो. कॅथॉलिक परंपरा या दोन प्रसंगांत दृढीकरणाचे बीज पाहते. प्रॉटेस्टंट सुधारकांना ते तसे दिसले नाही, आणि ख्रिस्ताने स्वतः हा संस्कार कोठे स्थापिला या त्यांच्या प्रश्नाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेला 1547 मध्ये तीन निर्बंध जाहीर करावयास लावले. परंतु तो वाद येथे विस्ताराने मांडण्याचे प्रयोजन नाही. लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की पाणी एकाने दिले आणि हात ठेवण्यास दूरच्या नगराहून दुसरे आले, ही घडण आरंभापासूनच दिसते.

पहिल्या तीन शतकांत मात्र ही दुरी कुणाला जाणवण्याचे कारण नव्हते. एका नगराला एक बिशप, त्याच्याभोवती धर्मगुरूंचे मंडळ, आणि पुनरुत्थानाच्या रात्री सर्व नवदीक्षितांचा एकत्र सोहळा, अशी व्यवस्था असल्यामुळे पाणी, तेल, हस्तस्पर्श आणि ख्रिस्तप्रसाद ही सर्व एकाच रात्रीत, एकाच बिशपांच्या उपस्थितीत पार पडत. इ. स. 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने केलेले वर्णन आणि हिप्पोलितसच्या नावावर असलेला रोममधील विधिग्रंथ यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप सिरिल नवदीक्षितांना बजावतात की त्यांच्या कपाळाला लागले ते साधे तेल समजू नये. त्या रात्रीच्या माणसाला कुणी विचारले असते की यांतला बाप्तिस्मा कोणता आणि दृढीकरण कोणते, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

मग धर्म राजमान्य झाला, खेड्यापाड्यांत पसरला, बालकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला, आणि नगरातला बिशप प्रत्येक वस्तीत प्रत्येक जन्माच्या वेळी हजर असणे अशक्य झाले. येथे ख्रिस्ती जगताच्या दोन भागांनी दोन निराळे मार्ग धरले. पूर्वेकडील चर्चने एकत्र विधी शाबूत ठेवला. बिशप येऊ शकत नाहीत तर त्यांनी अभिमंत्रिलेले तेल गावोगाव जावे आणि बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूनेच ते लगेच लावावे, असे ठरवले. पश्चिमेने उलट हात राखून ठेवला. पोप पहिले इनोसंट यांनी 416 मध्ये गुब्बिओचे बिशप देसेंतिउस यांना पाठवलेल्या पत्रात स्पष्ट जाबता घालून दिला की धर्मगुरूंनी बाप्तिस्म्यानंतर तेल लावावे, परंतु कपाळावरची मुद्रा ही केवळ बिशपांची. पूर्वेने तेल पाठवले आणि पश्चिमेने माणसांना थांबवले. दोघांनाही एकच गोष्ट जपावयाची होती, ती म्हणजे प्रत्येक नवजात ख्रिस्ती जीवाचा बिशपांशी आणि त्यांच्याद्वारे प्रेषितांशी असलेला संबंध. परंतु साधन निराळे निवडल्यामुळे पुढच्या पंधरा शतकांचा व्यवहार निराळा झाला. माझ्या अल्पमतीस वाटते की या संस्काराविषयी लिहिणारे बहुतेक ग्रंथ या व्यवस्थात्मक निर्णयाला फार थोडी जागा देतात आणि नंतर त्याच्यावर रचलेल्या अर्थांना फार मोठी.

अर्थ रचले गेले हे खरेच, आणि ते रचणे भागही होते. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी एक बिशप येऊन कपाळाला तेल लावतो, तर त्या वेळी नवे असे काय मिळते, हा प्रश्न श्रोत्यांना पडणारच. पाचव्या शतकात गॉलमधील रिए येथील फाउस्तुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेंटेकॉस्टच्या प्रवचनाने त्याचे जे उत्तर दिले ते मध्ययुगभर टिकले: बाप्तिस्म्यात जन्म होतो, दृढीकरणात लढण्याचे बळ मिळते, सेनापती सैनिकाला दाखल करून घेतो आणि मग शस्त्र देतो. या सैनिकी कल्पनेचा पुढे विधीवरही ठसा उमटला. तेराव्या शतकात फ्रान्समधील मांदचे बिशप दुरांदुस यांनी सिद्ध केलेल्या विधिग्रंथात बिशप उमेदवाराच्या गालावर हलकीशी चापट मारतात असे आले, आणि ही चापट सातशे वर्षे टिकली. वीराच्या दीक्षेतील आघाताशी तिचे नाते जोडणारे आहेत आणि तिला केवळ शांतीच्या चुंबनाचे रूपांतर मानणारेही आहेत. मुलांपुरते पाहता ती हा संस्कार आयुष्यभर लक्षात राहण्याची हमी होती. 1595 च्या रोमन विधिग्रंथात आणखी एक चमत्कारिक सूचना आढळते. तान्ह्या मुलाला धर्मपित्याने उजव्या हातावर घ्यावे. प्रौढ उमेदवाराने मात्र आपला पाय धर्मपित्याच्या उजव्या पायावर ठेवून उभे राहावे. दुसऱ्याच्या आधाराने उभे राहण्याचे इतके प्रत्यक्ष चित्र आजच्या खांद्यावरच्या हातात उरलेले नाही.

व्यवहारात बिशप फिरतीवर निघत आणि लोक रस्त्यावर मुले घेऊन उभे राहत. इंग्लंडातील लिंकनचे बिशप ह्यू, जे 1200 मध्ये निवर्तले, त्यांच्या चरित्रकाराने मुद्दाम नोंदवून ठेवले आहे की मुलांना दृढीकरण देण्यासाठी ते कितीही थकले असले तरी घोड्यावरून खाली उतरत. अशी गोष्ट नोंदण्याजोगी वाटली यावरूनच इतरांचा रिवाज काय असावा हे कळते. घोड्यावर बसल्याबसल्या खाली वाकून विधी उरकणाऱ्या दुसऱ्या एका बिशपाचे वर्णनही तोच चरित्रकार करतो. लोकही आळसावले होते. 1281 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप पेकम यांना लॅम्बेथ येथील परिषदेत असा हुकूम काढावा लागला की ज्याचे दृढीकरण झालेले नाही त्याला, मृत्यूची भीती नसेल तर, ख्रिस्तप्रसाद देऊ नये. हुकूम काढावा लागतो तेव्हा अंमल होत नसतो, हे दप्तरांचा अभ्यास करणाऱ्याला सांगावयास नको.

हिंदुस्थानात या दोन मार्गांची गाठ पडली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती गाठ पाडणाऱ्या गृहस्थांचे नाव वसईच्या किल्ल्यात आजही वाचावयास मिळते. किल्ल्यातील सेंट जोसेफच्या मुख्य चर्चचा उंच मनोरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याच्या दारावरील शिलालेखात 1601 हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप दों आलेइशो दे मेनेझिस यांचे नाव आढळले असेल. हेच मेनेझिस त्याच्या दोन वर्षे आधी मलबारात गेले होते. तेथील सेंट थॉमस ख्रिस्ती हे पूर्व-सिरियन परंपरेचे. त्यांचे बिशप मेसोपोटेमियातून येत, आणि त्या परंपरेत मुद्रांकन हे बाप्तिस्म्याच्याच विधीत सामावलेले असे. स्वतंत्र दृढीकरण ही वस्तू त्यांना ठाऊक नव्हती. मेनेझिस गावोगाव फिरत चर्चमध्ये प्रवचन करीत आणि मग लोकांना दृढीकरणासाठी पुढे बोलावीत. त्यांच्या प्रवासाचा वृत्तांत आंतोनियो दे गौव्हेया या ऑगस्टिनियन पंथीयाने लिहिला आणि तो 1606 मध्ये छापला गेला. मेनेझिसांचा पक्षपाती असलेल्या या लेखकानेही परूर येथील विरोध लपवलेला नाही. असा संस्कार आमच्या पूर्वजांनी कधी ऐकला नाही, कपाळावर खूण करवून घेणे म्हणजे पोर्तुगीजांचे गुलाम म्हणून डाग मारून घेणे होय, आणि गालावर चापट खाणे आमच्या अब्रूला शोभत नाही, अशा अर्थाचे उत्तर तेथील सशस्त्र नायर-वळणाच्या ख्रिस्ती मंडळींनी दिले.

या प्रसंगाकडे अडाण्यांचा हट्ट म्हणून पाहण्याची पद्धत पोर्तुगीज लेखकांत रूढ होती. वस्तुतः परूरच्या लोकांची बाजू इतिहासाच्या दृष्टीने बळकट होती. विधीचे जे दोन तुकडे रोमन जगाने अंतराच्या सोयीसाठी केले होते, त्यांतला दुसरा तुकडा जणू तोच अखंड नियम आहे अशा थाटात त्यांच्यापुढे ठेवला जात होता, आणि ज्यांच्याकडे तो पहिल्यातच मिसळलेला होता त्यांना अपूर्ण ठरवले जात होते. गुलामीच्या खुणेविषयीची त्यांची शंका विधीच्या अर्थाला धरून नसली तरी राजकारणाला धरून होती. मेनेझिस हे आर्चबिशपही होते आणि पोर्तुगीज सत्तेचे प्रतिनिधीही. 1599 च्या जून महिन्यात उदयंपेरूर येथे त्यांनी भरवलेल्या धर्मसभेने लॅटिन पद्धतीचे अनेक निर्बंध मंजूर करून घेतले आणि स्वतंत्र दृढीकरण मलबारात रुजवले. ज्या हाताने तिकडे ती चापट नेली, त्याच कारभाराने वसईचा मनोरा उभारला. इकडच्या ख्रिस्ती लोकांना मात्र दुसरी परंपरा ठाऊकच नसल्यामुळे त्यांनी ती मुकाट्याने स्वीकारली.

वसईच्या लोकांची कसोटी निराळी होती. 1534 पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला हा मुलूख गोव्याच्या धर्मसत्तेखाली होता आणि आर्चबिशपांचे वास्तव्य शेकडो मैल दक्षिणेस. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर युरोपीय मिशनरी निघून गेले. तहनाम्यात ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मोकळीक देणारे कलम होते, आणि गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी पुढची पिढ्यान्पिढ्या धुरा वाहिली. बाप्तिस्मे झाले, विवाह लागले, मिस्सा चालू राहिली, मृतांना प्रार्थनेने निरोप मिळाला. परंतु हे धर्मगुरू बिशप नव्हते. कोकणच्या किनाऱ्याने गलबतातून येणाऱ्या बिशपांची भेट किती विरळ असेल आणि किती माणसे कपाळाला ते तेल न लागताच मातीआड गेली असतील, याचे अनुमान करावयास फार कल्पनाशक्ती लागत नाही. तरीही धर्म टिकला. दृढीकरणावाचून श्रद्धा दृढ राहिल्याचा हा पुरावा धर्मपंडितांना अडचणीचा वाटण्याचे कारण नाही, कारण तारणासाठी हा संस्कार बाप्तिस्म्यासारखा अत्यावश्यक आहे असे चर्चने कधी म्हटलेले नाही. पण प्रवचनांतील सैनिकी अलंकार थोडे सांभाळून वापरावेत, इतके त्यावरून सुचते.

एकोणिसाव्या शतकात बिशप दुर्मिळ होते असे म्हणण्यापेक्षा ते एका मुलखात दोन झाले असे म्हणावे लागते. पोर्तुगालच्या राजाच्या सनदेवर चालणारा पादरोआदोचा पक्ष आणि रोमच्या प्रोपागांदा खात्याने नेमलेल्या कार्मेली व कापुचिन प्रतिनिधींचा पक्ष यांच्यात मुंबई बेटावरील चर्चे वाटली गेली होती. 1853 मध्ये मकावचे बिशप जेरोनिमो दा माता मुंबईत आले आणि पादरोआदोच्या चर्चमध्ये त्यांनी बिशपपदाचे विधी केले. आपल्या हद्दीत दुसऱ्याने हात घातला म्हणून प्रोपागांदाचा पक्ष खवळला. त्याच साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये प्रोपागांदाच्या बाजूचे बिशप हार्टमान यांची विरोधी पक्षाच्या लोकांनी कोंडी केली, सरकारला मध्ये पडावे लागले, आणि रोमहून तीव्र नापसंतीचे पत्र आले. पेत्र आणि योहान शोमरोनास चालत गेले होते, तेव्हा हद्दीचा प्रश्न कुणी काढला नव्हता. पुढे 1886 च्या करारानुसार साष्टी आणि वसई दमणच्या बिशपांकडे गेली, 1928 मध्ये ती मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत आली, आणि 22 मे 1998 रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. गोवा, दमण, मुंबई आणि शेवटी वसई: ज्या हाताची वाट गलबतांच्या हंगामावर अवलंबून होती, तो आता कोणत्याही धर्मग्रामात मोटारीने तासाभराच्या आत पोहोचतो.

अंतर मिटले तेव्हा साहजिकच असे वाटले पाहिजे होते की आता विलंबही मिटावा. तो मिटला नाही. त्याने दुसरे कारण शोधले. ट्रेंटनंतरच्या धर्मशिक्षणग्रंथाने, 1566 मध्ये, सात ते बारा वर्षांच्या दरम्यानचे वय योग्य ठरवले होते आणि पुष्कळ देशांत दृढीकरण ख्रिस्तप्रसादाच्या आधी होई, कारण पहिला ख्रिस्तप्रसादच बारा-चौदाव्या वर्षी मिळे. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी बालकांविषयीच्या कळवळ्याने ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सातावर आणले. दृढीकरणाविषयी त्यांनी काही बदलले नाही, आणि म्हणूनच ते मागे पडले: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद हा प्राचीन क्रम उलटा होऊन दृढीकरण शेवटास गेले. शेवटास गेलेल्या विधीला मग प्रौढत्वाची दीक्षा असा अर्थ चिकटला. मुलाने वयात यावे, समजून उमजून निवड करावी, पालकांनी घेतलेला धर्म स्वतःचा करावा, आणि मग बिशपांनी शिक्का मारावा, असे आज कित्येक शिक्षक मनापासून सांगतात.

मराठी वाचकाला येथे मुंजीची आठवण होईल, आणि ती गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु साम्य दिसते तेथेच फसगत आहे. उपनयनाने बटू विद्येचा अधिकारी होतो. दृढीकरणाने मूल कोणत्याही नव्या वयाचे अधिकारी होत नाही. तेराव्या शतकातच थॉमस अक्वायनस यांनी बजावून ठेवले आहे की शरीराचे वय आत्म्याला बांधत नाही आणि बालपणातही मनुष्याला आत्मिक प्रौढत्व लाभू शकते. त्यांच्या डोळ्यांसमोर कोवळ्या वयात हौतात्म्य पत्करलेली मुले होती. याच प्रतिपादनाचा आधार घेऊन चर्चच्या आजच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाने दृढीकरणाला प्रौढ श्रद्धेची पावती समजू नये असे सुचवले आहे. जे दान आहे ते परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र म्हणून वाटले की त्याच्याबरोबर परीक्षेनंतरची सुट्टीही येते. इटलीतील धर्मगुरू या संस्काराला उपरोधाने निरोपाचा संस्कार म्हणतात, कारण त्यानंतर तरुण चर्चमध्ये दिसेनासे होतात. पोप फ्रान्सिस यांनी तो उपहास अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवला होता. अमेरिकेत फिनिक्सच्या धर्मप्रांताने 2005 मध्ये आणि डेन्व्हरने 2015 मध्ये जुना क्रम परत आणून लहान मुलांना ख्रिस्तप्रसादाच्या आधी दृढीकरण देण्याचे ठरवले. आमच्याकडे तसे घडावे काय? मला तो क्रम शास्त्रशुद्ध वाटतो. परंतु रविवारच्या वर्गात चौदाव्या वर्षापर्यंत मुलांना टिकवून ठेवणारे एकमेव निमित्त हातचे जाईल, ही शिक्षकांची धास्तीही अगदीच पोकळ नाही.

रोमने 1971 मध्ये विधीची जी पुनर्रचना केली तिच्यात एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच या संस्काराचा बाप्तिस्म्याशी असलेला संबंध विधीतून स्पष्ट दिसावा असा आदेश दिला होता. त्यानुसार 15 ऑगस्ट 1971 च्या आपल्या आज्ञापत्रात पोप सहावे पॉल यांनी, मध्ययुगापासून लॅटिन चर्चमध्ये रूढ असलेले आणि 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने अर्मेनियन लोकांसाठीच्या निर्णयपत्रात लिहून ठेवलेले सूत्र बाजूला ठेवून, पवित्र आत्म्याच्या दानाच्या मुद्रेचे ते छोटे वाक्य बायझंटाइन चर्चकडून घेतले. चापटही गेली, तिच्या जागी शांतीचा साधा शब्द राहिला. परूरच्या मंडळींचा त्या आक्षेपापुरता निकाल तीनशे बहात्तर वर्षांनी लागला म्हणावयाचा. बाप्तिस्म्याच्या वचनांचे पुनरुच्चारण या विधीतच आले, आणि बाप्तिस्म्याचेच धर्मपालक दृढीकरणालाही असावेत अशी शिफारस झाली. प्रौढपणी ख्रिस्ती होणाऱ्याला तर पुनरुत्थानाच्या रात्री पाणी, तेल आणि ख्रिस्तप्रसाद एकापाठोपाठ मिळतात, आणि तेव्हा त्याला बाप्तिस्मा देणारा साधा धर्मगुरूही कायद्यानेच दृढीकरण देऊ शकतो. मृत्यूच्या दारातील व्यक्तीलाही कोणत्याही धर्मगुरूने ते द्यावे, अशी मुभा आहे. जी गोष्ट जन्मजात ख्रिस्ती मुलाला चौदा वर्षे थांबून मिळते ती परक्याला एका रात्रीत मिळते, याचे आश्चर्य वाटून घेणाऱ्यांनी तिसऱ्या शतकातली ती रात्र आठवावी.

दृढीकरणाचे एक दप्तरी अंगही आहे, आणि धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्याला तेच अधिक परिचित असते. प्रत्येकाची नोंद होते, आणि बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल तर तेथील धर्मगुरूला कळवून मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर शेरा घातला जातो. धर्मपिता व्हावयाचे असेल तर दृढीकरण झालेले असावे लागते. धर्मगुरूपदाच्या दीक्षेपूर्वी तर ते अनिवार्यच. लग्नाच्या बाबतीत कायदा इतका कडक नाही, फार अडचण नसेल तर ते आधी घ्यावे एवढेच सांगतो. परंतु कागद जमवताना हा दाखला मागितला जातो, आणि आखातात नोकरीस गेलेल्या किंवा वसतिगृहात वाढलेल्या एखाद्या वराला आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोरची जागा कोरी आहे असे लग्नाच्या आधी काही आठवड्यांवर समजते. त्याची मग जी धावपळ होते तीत आत्म्याच्या सात दानांपैकी सल्ला आणि धैर्य ही दोन विशेष कामास येतात.

या नोंदवहीचा सर्वांत नाजूक उपयोग आता महाराष्ट्रात निर्माण झाला आहे. 1988 मध्ये सिरो-मलबार कॅथॉलिकांसाठी कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला; मुंबई, ठाणे, पुणे या भागांत पोटापाण्यासाठी आलेली मल्याळी कुटुंबे त्यांच्या स्वतःच्या परंपरेत परतली, आणि उदयंपेरूरनंतर दुरावलेला एकत्र विधीही आता त्यांच्याकडे पुन्हा नियमाचा झाला आहे. त्यांचे बाळ काही आठवड्यांचे असतानाच बाप्तिस्म्याबरोबर त्याच्या कपाळाला तेल लागते, तेही धर्मगुरूच्याच हाताने. अशी मुले मराठी व कोकणी घरांतील मुलांबरोबर एकाच शाळेत शिकतात, कित्येकदा जवळचे म्हणून लॅटिन धर्मग्रामातच रविवारच्या धर्मशिक्षणाला बसतात, मित्रांबरोबर सात दाने पाठ करतात, आणि आठवी-नववीत गेल्यावर त्यांची नावेही सहजच दृढीकरणाच्या यादीत येतात. हा संस्कार आत्म्यावर अमिट मुद्रा उमटवतो आणि म्हणून तो कधीच दुसऱ्यांदा देता येत नाही, असा चर्चचा सिद्धांत आहे. त्यामुळे बिशप येण्यापूर्वी यादी तपासणाऱ्या धर्मगुरूने प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागवून तो कोणत्या परंपरेच्या चर्चमध्ये झाला हे पाहावे लागते, आणि एखाद्या मुलाच्या आईवडिलांना कचेरीत बोलावून समजावून सांगावे लागते की इतर सर्वजण ज्याच्यासाठी वर्षभर तयारी करीत आहेत ते त्यांच्या मुलाला पाळण्यात असतानाच मिळालेले आहे. त्याने मिस्साला अवश्य यावे, मित्रांसाठी प्रार्थना करावी, पण ओळीत मात्र उभे राहू नये.